न कुरकुरणारी गाडी

जुनी स्वस्त गाडी बोलघेवडी असते. शॉकअप गेला की खडखडते, सायलेन्सर फुटला की गल्ली जागी करते, इंजिनाचं माउंटिंग बसलं की सिग्नलला उभी असताना स्टीअरिंग थरथरतं. मालक वैतागून गाडी आणतो आणि थोडक्यात विषय मिटतो. आलिशान गाडीचं उलटं. ती बनवलीच जाते आत बसलेल्याला काही कळू नये म्हणून. रस्ता कळू नये, इंजिन कळू नये, मे महिना कळू नये. नवी असताना त्याचेच तर पैसे मोजलेले असतात. तीच गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की हा गुण तिच्या मुळावर येतो, कारण तिचं दुखणं मालकाच्या कानावर सगळ्यात शेवटी जातं.

माझं गॅरेज भोसरीत. येणाऱ्या बहुतेक गाड्या मर्सिडीज, आणि या पट्ट्यात ते साहजिकच आहे. 1995 मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात डब्ल्यू 124 मालिकेतली ई-क्लास जोडली जाऊ लागली. 2009 पासून काम चाकणच्या कारखान्यात गेलं. पिंपरीच्या त्या गाड्यांपैकी काही अजून धावताहेत. 124 त्यातल्या त्यात मोकळ्या स्वभावाची. बोनेट काटकोनात उभं राहतं, हात सगळीकडे पोचतो. छुपं दुखणं तिलाही आहे. त्या सुमाराच्या कित्येक गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. पण वायर बोटांत धरून हलकेच वाकवली तरी ते समजतं.

पुढच्या पिढ्यांत ही सोय राहिली नाही. ओएम 642 घ्या, 2005 मध्ये आलेलं तीन लिटरचं व्ही-6 डिझेल. इंजिन म्हणून मला मनापासून आवडतं. मात्र त्याचा ऑईल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलाय, टर्बोच्या पोटाखाली. तिथल्या उष्णतेने सील कडक होतात आणि ऑईल झिरपायला लागतं. ते समोरून दिसत नाही. खोबणीतून मागे सरकतं, इंजिनाच्या पाठीवरून गिअरबॉक्सच्या तोंडाशी उतरतं आणि खालच्या ट्रेमध्ये साठतं. मालक छातीवर हात ठेवून सांगतो, पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. खरोखरच नसतो. ट्रेचे स्क्रू काढून एक बाजू खाली घेतली की आतला फोम काळाकुट्ट, ऑईल पिऊन जड झालेला.

पुष्कळ ठिकाणी गफलत होते ती इथेच. गिअरबॉक्सपाशी ऑईल दिसलं की क्रँकचं मागचं सील गेलं असं ठरवतात, गिअरबॉक्स उतरवतात, सील बदलतात, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. घाई करायची नाही. आधी सगळा भाग धुऊन कोरडा करायचा, ऑईलमध्ये डाय टाकून गाडी दोन दिवस चालवू द्यायची, मग अतिनील बत्ती घेऊन खालून वर शोधत जायचं. चमकणारी रेघ वर जिथे संपते, तिथून गळती. सील तळहातावर मावतात, किंमतही मामुली. पण तिथवर जायला टर्बो काढा, इनटेक मॅनिफोल्ड काढा, ईजीआरचे पाइप काढा. उघडलेल्या प्रत्येक जोडाला नवं गॅस्केट. आणि दोन दिवसांची मजुरी. “एवढ्याशा रबराचे एवढे?” हा प्रश्न ठरलेला. अहो साहेब, रबराचे नाहीत, रबरापर्यंत जाण्याचे. शिवाय तिथे पोचल्यावर टर्बोच्या तोंडाचं सीलही बदलावं, कारण ते गळलं की ऑईल खालच्या फ्लॅपच्या मोटरवर पडतं आणि मोटर जाते. ‘उघडलंच आहे तर’ या सदरातले खर्च मी एस्टिमेटमध्ये वेगळे लिहितो. नंतर वाद नकोत.

एस-क्लासची, म्हणजे 1998 च्या डब्ल्यू 220 ची, तऱ्हा याहून बिलंदर. तिच्यात लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. पिशवीचं रबर घडीवर चिरलं की हवा हळूहळू निसटते, रात्रीतून एक कोपरा खाली बसतो. सकाळी ड्रायव्हर गाडी सुरू करतो, कंप्रेसर हवा भरतो, आणि साहेब खाली येईपर्यंत गाडी समतल. साहेबांनी बसलेली गाडी पाहिलेलीच नसते! कंप्रेसर मात्र महिनोन् महिने जादा राबतो आणि शेवटी जळतो. मग एका पिशवीच्या जागी पिशवी, कंप्रेसर आणि रिले असं तिहेरी बिल. याला स्कॅनर लागत नाही. संध्याकाळी टेप घेऊन मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही बाजू मोजायच्या, खडूने टायरवर लिहायच्या, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजायच्या. मग संशयित कोपऱ्यावर साबणाचं पाणी.

गिअरबॉक्सही तसाच सोशिक. 1996 च्या आसपास आलेला पाच गिअरचा ऑटोमॅटिक आतल्या क्लचची झीज ओळखून दाब आणि वेळ आपणहून जुळवून घेतो. झटका लागतो तो जुळवण्यासारखं काही उरलं नाही की. सुरुवातीला कंपनीचं म्हणणं होतं की याचं ऑईल बदलायची गरजच नाही. नंतर मुदत घालून दिली. पहिल्या मालकांनी पहिलं ऐकलं, बिल तिसऱ्या मालकाला. वायरिंग जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतं तिथल्या प्लास्टिकच्या प्लगची रिंग गळली, तर ऑईल समईच्या वातीतून चढावं तसं वायरींतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जातं. प्लग स्वस्त, युनिट महाग. गाडी पहिल्यांदा रॅम्पवर आली की मी तो उपटून पाहतोच.

गाडीचा भाव उतरून नव्या छोट्या हॅचबॅकइतका होतो, पार्टचा भाव उतरत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. पॉलिश चकाचक, खाली ट्रे गायब. ट्रे गायब असला की समजावं, गळती कुणाला तरी ठाऊक होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आरसे, काचा, स्विच खुशाल आणा. हवेची पिशवी आणि ब्रेकचं काहीही जुनं घेऊ नका. विम्यात रबर-प्लास्टिकला पन्नास टक्के घसारा, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूलाही पन्नास. पंधराव्या वर्षी पासिंग, पर्यावरण कर, आणि नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क, जे एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजार झालं. हे खर्च निदान कागदावर दिसतात तरी.

नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी थांबवणाऱ्या आणि फिरवणाऱ्या गोष्टी बघतो: ब्रेक, लोअर आर्म, टायर. मग कूलंट. मग गळती. मागच्या काचेचा पडदा वर जात नाही, सीटचा मसाज बंद आहे, ही कामं मी यादीच्या तळाशी ढकलतो. गिऱ्हाईकाला नेमकी तीच आधी हवी असतात.

आपलं वय स्वतः सांगणारी एकच गाडी माझ्या पाहण्यात आहे: 2002 मध्ये आलेली ई-क्लास. तिच्या ब्रेकला इलेक्ट्रिक पंप आहे. पायाचा इशारा कॉम्प्युटर वाचतो आणि प्रत्येक चाकाला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पंप बंद पडला तर नुसत्या पायाच्या जोरावर पुढची दोन चाकं, आणि पेडल खोल जातं. 2004 मध्ये यापायी कंपनीला लाखो गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि 2006 च्या फेरबदलात ही पद्धत ई-क्लासमधून गेली. या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला त्याची मोजणी चालते. मर्यादा संपली की डॅशबोर्डवर इशारा येतो, युनिट बदला. किंमत ऐकून माणसं बसतात. “ब्रेक तर मस्त लागतोय हो. तो आकडा तेवढा शून्यावर आणून द्या, लॅपटॉपवाले देतात म्हणे.” देतात. मी ते काम घेत नाही.