अडाणकांठची सुटी

नाताळची सुटी लागली कीं आम्हां भावंडांचें मन बोरी अरबकडे धांव घेई. अकोल्याहून निघून मूर्तिजापुरास अडीच फूट रुंदीच्या रुळांवरील छोटी गाडी धरावी लागे. तिची गति इतकी संथ, कीं आईनें दिलेले दशम्यांचे डबे वाटेंतच रिते होत. दारव्ह्यास आजोबांनीं पाठविलेली दमणी उभी असे. दोहों बाजूंस कापूस फुटलेला; आणि अडाण नदी दिसली म्हणजे घर आलें!

पहांटे न्हाणीच्या चुलींत पऱ्हाट्यांचा जाळ, दुपारीं शेतांत ज्वारीचा हुरडा, रात्रीं उकडलेल्या तुरीच्या शेंगा. चुलत-आत्ये असा भेद न करितां आजी प्रत्येकाच्या ओंजळींत सारखा वांटा घाली. तिचा स्वतःचा वांटा कधींच नसे, हें तेव्हां आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

एके वर्षीं परीक्षेच्या सबबीवर आम्हीं जाणें टाळिलें. आजीनें आमच्यासाठीं हुरडा वाळवून पुरचुंडी बांधून ठेविली होती. पुढील हिंवाळ्यांत ती काकूंनीं आमच्या हातीं दिली. आजी मात्र पावसाळ्यांतच गेली होती.

त्या गाडीचें वाफेचें इंजिन १९९४ सालीं गेलें. पुढें गाडीहि थांबली. आतां मोटारीनें बोरीस पोंचावयास फारसा वेळ लागत नाहीं. पण दारांत उभें राहून वाट पाहणारें कोणी नाहीं. ज्यांच्या घरीं अजून कोणी पुरचुंडी बांधून बसलें असेल, त्यांनीं यंदाची सुटी टाळूं नये.