भिंतीचा छेद

माळवदाचं घर काढा म्हटलं की लातूरकडची मुलं चौकट झोकात काढतात, कोनाडे काढतात, वर धान्यही वाळत घालतात. मग मी सांगतो, आता भिंत उभी कापा आणि आत काय आहे ते दाखवा. पेन्सिली थबकतात.

माझ्या चित्रकलेच्या तासात विज्ञान शिरतं ते इथे. आपल्याकडची जाडजूड दगडी भिंत खरं तर दोन भिंतींची असते: बाहेरचा थर, आतला थर आणि मधे चिपा नि माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गावं झोपली होती, तेव्हा किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंपाने हे थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि ढासळले. वरून माळवदाची जड माती आली. हजारो माणसं गेली. कित्येक घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. हे मुलांना आजी-आजोबांकडून ऐकून ठाऊक असतं. कारण ठाऊक नसतं.

म्हणून आम्ही घरं बांधतो. माती मळायची, खडे निवडून रचायचे, बाभळीच्या काड्यांच्या तुळया करायच्या. एका घरात दोन्ही थरांना कवेत घेणारे लांब, आरपार दगड. दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही घरं एका फळीवर, फळीखाली गोट्या. फळी हलवली की आरपार दगड नसलेल्या भिंतीचं पोट आधी सुटतं. माळवदाची माती वाढवत गेलं की ते आणखी लवकर सुटतं. पडझड झाली की लगेच कागद घ्यायचा आणि तडा कुठून निघाला ते काढायचं. तडे बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जातात, हे चित्र काढताना जसं डोळ्यांत भरतं तसं फळ्यावर लिहून देऊन भरत नाही.

इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला गुण मिळतात म्हणून चित्रकला आणि नीटला लागतं म्हणून भौतिकशास्त्र, ही वाटणी मला मुळीच मान्य नाही.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी नांदेडलाही जमीन हादरली. त्यानंतरच्या कार्यशाळेत एका मुलीने विचारलं, गावाकडच्या आमच्या भिंतीत आता आरपार दगड घालता येईल का? येतो. मोजके दगड काढून भिंतीला आरपार भोक पाडायचं, आकडा वळवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं. ते हाताने करून दाखवायला पुढच्या खेपेला गवंडी बोलावला आहे.