स्टेअरिंग जड झालं, ते मी हसण्यावारी नेलं

आज पिकाचं नाही, गाडीचं सांगतो. पण ज्याचा माल स्वतःच्या जुन्या पिकअपमधून मार्केटला जातो, त्याच्या कामाचं आहे.

पंधरा दिवस पोरगं सांगत होतं, "अप्पा, स्टेअरिंग जड लागतंय, वळवताना घर्र आवाज येतो." मी म्हटलं, "जरा हाताला जोर लाव, आम्ही बिनपॉवरच्या गाड्या चालवल्या." मागच्या आठवड्यात पहाटे टोमॅटोचे साठ कॅरेट भरून पिंपळगाव बसवंतला निघालो. पोरगं चालवत होतं, मी शेजारी. पाटावरच्या वळणाला गाडी पाहिजे तेवढी वळलीच नाही. पुढचं चाक डांबर सोडून भरावाच्या मातीत गेलं. ब्रेक लागला म्हणून वाचलो. खाली पाट भरून वाहत होता. पोरगं काहीच बोललं नाही, त्याचंच जास्त लागलं.

मेस्तरीनं नुसता आवाज ऐकून सांगितलं, पंप गेला, नवीन टाका. म्हटलं, आधी आपण बघू.

पहिलं बघितलं टायर. पुढच्या दोन्ही टायरांत हवा कमी होती. भरली, थोडं हलकं झालं, पण आवाज तसाच. मग पंपाचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. ढिला नव्हता, चिरलेला नव्हता. मग स्टेअरिंग ऑइलची डबी उघडली. ऑइल खालच्या खुणेच्या खाली, आणि वर ताकासारखा फेस. तिथंच कळलं.

विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपात हवा शिरली की काय होतं, आपल्याला माहीत आहे. मोटार ओरडते, पाणी फेसाळत येतं, प्रेशर बनत नाही. इथंही तेच. डबीतून पंपाकडे जाणारी रबरी नळी क्लिपपाशी कडक होऊन चिरली होती. गाडी बंद असली की तिथून थोडं ऑइल पाझरायचं, चालू झाली की हवा ओढायची.

ऑइलला चालणारी नळी आणि दोन नवीन क्लिपा टाकल्या. पाण्याच्या नळीचा तुकडा लावू नका, ऑइलनं ती फुगते. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात.

मग हवा काढली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे दिले. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवलं. डबीत ऑइल कमी होईल तसं भरत गेलो. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून परत तेच. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पंपावर ताण येतो. आवाज गेला, स्टेअरिंग हलकं झालं. पंप जुनाच आहे.

चाकं उचललेली असताना, इंजिन बंद ठेवूनही स्टेअरिंग अडकत फिरत असेल, तर दोष ऑइलचा नसतो. बॉल जॉइंट, स्टेअरिंगच्या दांड्याचा क्रॉस किंवा बॉक्स बघा. आणि इंजिन चालू असताना प्रेशरच्या नळीची गळती हातानं चाचपू नका. बारीक धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघा.

चालता चालता पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलं तरी स्टेअरिंग लॉक होत नाही, एकदम जड होतं. घाबरून सोडू नका, दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घ्या.

नळी आणि ऑइल हजाराच्या आत भागलं. साठ कॅरेट टोमॅटोही गेले असते तर परत पिकवले असते. शेजारी पोरगं होतं. आता ते गाडीबद्दल काही बोललं की मी आधी बॉनेट उघडतो, मग तोंड.