वॉलायसाठी कोणतं तळं?

मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं. मुलाकडे मिनिआपोलिसला गेलो आणि त्यांतलं एक निवडायची पाळी आली, तेव्हा त्या आकड्याचा धाक कळला. वॉलाय हा १९६५ पासून या राज्याचा मासा. त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. उजेड मंदावला, वाऱ्यानं पाणी हललं, की स्वारी भक्ष्याला निघते. तेव्हा संध्याकाळ तळ्यावर हवीच, म्हणजे मुक्काम आला.

मुलाचं मत मिल लॅक्सला. सुमारे शंभर मैल, दोन तासांत पोचतो. पण २०१६ च्या उन्हाळ्यात तिथं धरलेला प्रत्येक वॉलाय परत सोडावा लागे! नियम पुढे बदलले, तरी पापलेट-बांगड्यांवर वाढलेल्या माझ्या मनातून ते तळं उतरलं ते उतरलंच.

मी अपर रेड लेकवर अडून बसलो. अतिमासेमारीनं तिथला वॉलाय जवळजवळ संपला होता. १९९९ साली मासेमारी बंद झाली, तळ्यात कोट्यवधी पिलं सोडली, आणि २००६ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. रेड लेकच्या आदिवासींनी आणि सरकारनं मिळून सात वर्षं कळ काढली!

“बाबा, साडेचार तास लागतात,” मुलगा म्हणाला.

लागू देत. एरवी नातवाच्या वाट्याला बाप इतका वेळ येतो कुठं?

शुक्रवारी पहाटे निघालो. सूनबाईंनी गळांच्या पेटीशेजारी मसाल्याचा डबा ठेवला, वर आमसुलं.