गिरणीवरचा दिवा

लालबाग-परळच्या बाजूस हिंडतांना बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंती अजूनही अधूनमधून दृष्टीस पडतात. पुष्कळशा पाडल्या गेल्या व त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. परंतु अशाच एका उरलेल्या भिंतीच्या दरवाज्यावर एक दिवा मीं पाहिला आहे. बगळ्याच्या मानेसारखी वांकलेली लोखंडी नळी आणि तिच्या टोकाला पालथ्या थाळीसारखी पत्र्याची छत्री. छत्री बाहेरून हिरवी, आंतून पांढरी. एनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून बसविलेली कांचच. म्हणून जेथें ती शाबूत आहे तेथें पांढरेपणा अगदीं कालचा वाटतो, आणि जेथें टवका उडाला तेथून गंजाचा ओघळ भिंतीपर्यंत उतरला आहे. बल्ब कधींच गेला. तारेचीं दोन टोकें तेवढीं लोंबतात.

असा दिवा पाहिला कीं आम्हां पांढरपेशांचें मन लगेच हळवें होतें. पहाटेच्या पाळीला येणाऱ्यांना यानें वाट दाखविली असेल, वगैरे आपण बोलूं लागतों. मला हें हळवेपण जरा संशयास्पद वाटतें.

मुंबईच्या कांहीं रस्त्यांवर १८६५ च्या ऑक्टोबरांत ग्यासचे दिवे प्रथम लागले, तेव्हां दिवे लावणाऱ्यांच्या मागोमाग बघ्यांची गर्दी चालली होती म्हणे. तें कौतुक समजण्यासारखें आहे. गिरणींत विजेचा दिवा आला तो मात्र कौतुकासाठीं नव्हे. तोंवर कामाचे तास बहुतेक सूर्याच्या हातीं असत. तो मावळला कीं माग थांबत. १९०५ च्या सुमारास धंदा तेजींत आला, आणि जेथें वीज होती तेथें दिवसाचें काम चौदा-पंधरा तासांवर गेलें. कामगार खवळले. अखेर १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांचे तास बारावर आणले. बारा!

आणि तरीही १९८२ च्या १८ जानेवारीस दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले आणि कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत, तेव्हां ज्या उजेडानें पणज्याची संध्याकाळ हिरावून घेतली होती, तोच पुन्हा लागावा म्हणून पणतू बंद दरवाज्याकडे पाहत राहिला.

हल्लीं भंगारवाल्यांकडून अशा छत्र्या विकत घेऊन उपाहारगृहांत टेबलांवर टांगतात. गंज मुद्दाम तसाच ठेवतात. हा दिवा अजून जागेवर आहे, तो बहुधा शिडी पोहोंचत नाहीं म्हणून.