कुणाचं अक्षर?

२००७ साली धाकट्या भावाने बोईसरला स्टेशनजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान टाकलं, तेव्हा बोर्ड करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. घरात पेंटर असताना!

आमचे काका पेंटर. तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या भिंती, टँकर, बाजारातली दुकानं, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सातपाटी, दांडी, नवापूरच्या बोटी. शाळेच्या सुट्टीत मी त्यांचा रंगाचा डबा धरायला जायचो. 'ज्वालाग्राही' हा शब्द मी पुस्तकातून नाही, टँकरच्या पाठीवरून शिकलो. काका आधी खडूची दोरी ताणून रेघ मारून घ्यायचे, मग आडवी शिरोरेघ, आणि मग अक्षरं तिला टांगल्यासारखी खाली सोडायची. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "बोर्ड वाचला गेला पाहिजे. पेंटर कोण ते नाय विचारलं तरी चालेल."

तर, काकांचा बोर्ड म्हणजे चार दिवस. फ्लेक्स संध्याकाळपर्यंत हातात. मी घरच्या कॉम्प्युटरवर मजकूर टाइप केला, अर्थातच 'मंगल'मध्ये, कारण दुसरा युनिकोड फॉण्ट माहीत कुणाला होता? फ्लेक्सवाल्याकडे तो चालेना, म्हणून स्क्रीनचंच चित्र काढून दिलं. त्याने ते मोठं केलं. कडेला जागा उरत होती, तेव्हा मीच मागे उभा राहून म्हटलं, "अजून थोडं ताणा."

उद्घाटनाला काका आले. पेढा हातात घेऊन बराच वेळ वर बघत राहिले.

"कुणाचं अक्षर?"

"कुणाचं नाही काका, कॉम्प्युटरचं."

त्यांनी पेढा खाल्ला, भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. आई मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

त्याच वर्षी जगात हेल्व्हेटिकाची पन्नाशी साजरी झाली. माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड हॉफमान या स्विस मंडळींनी १९५७ साली घडवलेलं ते रोमन अक्षर. त्याच्यावर सिनेमा निघाला, न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये प्रदर्शन लागलं. अक्षराने स्वतःकडे लक्ष वेधू नये, मजकूर पुढे करावा, हा त्या आधुनिकांचा आग्रह. मी हे सगळं नेटवर भक्तिभावाने वाचत होतो, आणि काकांचं वाक्य आठवलंसुद्धा नाही!

फेब्रुवारी २००८ मध्ये र. कृ. जोशी गेले. सॅन फ्रान्सिस्कोत, घरापासून इतक्या लांब. मराठी ब्लॉगांवर दोन-चार नोंदी आल्या आणि त्यातल्या एकीत वाचलं की 'मंगल' त्यांचा. म्हणजे रोज रात्री ज्याच्यात मी बडबडत होतो ते अक्षर एका मराठी माणसाच्या हातचं होतं.

मग शोधत सुटलो. जन्म १९३६. जे. जे.मध्ये शिक्षण, मग जाहिरातीच्या धंद्यात. उल्का एजन्सीत बरीच वर्षं काढली. वेलकमग्रुपचे ते नमस्काराचे जोडलेले हात त्यांचे. कवीही होते. सगळ्या भारतीय भाषांना चालेल अशी 'देशनागरी' लिपी करून बघितली. १९८३ मध्ये जाहिरात सोडून पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले, आणि साठीच्या आसपास, जेव्हा आपल्याकडे लोक बागेत बाकडं शोधतात, तेव्हा जुहूच्या एनसीएसटीत कॉम्प्युटरसमोर बसले. विंडोज २००० मध्ये 'मंगल' आला. विंडोजमधल्या इतरही काही भारतीय लिप्यांचे फॉण्ट त्यांच्याच देखरेखीखाली झाले.

देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट बाजूला तिरका कापावा लागतो. म्हणजे जाड कुठे आणि बारीक कुठे, हे गणितच वेगळं. तो बोरू हातात मुरलेला माणूस पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत 'क्ष' आणि 'द्ध' बसवत होता. 'मंगल'च्या दोन ओळींत एवढी जागा का सुटते म्हणून आपण ब्लॉगवाल्यांनी किती शिव्या घातल्यात! पण वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय एकाखाली एक जोडाक्षरं. ती बिचारी जाणार कुठे?

एका रविवारी प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. वेगवेगळ्या मापात 'मंगल'ची पूर्ण बाराखडी. सांगितलं, हे र. कृ. जोशींचं अक्षर, तुमच्यापेक्षा थोडे मोठे होते, परवाच गेले.

काकांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, मग लांब धरला.

"दर्या लिहून दाखव. आणि डोंगरातल्या दऱ्या."

लॅपटॉप उघडून दोन्ही लिहिलं. एकाला रफार, दुसऱ्याला तो आपला खास मराठी अर्धा र. काकांनी बोटींवर कित्येकदा 'दर्या' रंगवला होता आणि बाहेरून आलेल्या पेंटरांनी केलेले त्याचे हाल बघितले होते. ते मान हलवून म्हणाले, "माणूस जाणकार होता."

मग पुन्हा कागदाकडे बघून, "हे तर सरळ उभं आहे रे. मग दुकानावरचं असं फेंगडं का दिसतं? उभ्या दांड्या जाड झाल्यात, शिरोरेघ तशीच राहिलीय. कडांना पायऱ्या पडल्यात. ताणलं कुणी?"

"मी."

ते काही बोलले नाहीत. काकू चहा घेऊन आल्या.

पावसाळ्याआधी फ्लेक्स उतरवला. काकांनी पत्र्यावर बोर्ड रंगवून दिला, चार दिवस लावून. पैसे पूर्ण घेतले, घरचं म्हणून एक रुपया सोडला नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

काका २०१६ मध्ये गेले. तोवर आमचा ठाणे जिल्हा जाऊन पालघर झाला होता आणि भावाने बोर्डावरचा पत्ता बदलायला त्यांनाच शिडीवर चढवलं होतं. 'पालघर'चा र किंचित खाली उतरलाय, हात थरथरायचा तेव्हा. समुद्राच्या हवेने 'लॅमिनेशन'चा रंगही उडायला लागलाय. भाऊ म्हणतो, आता फ्लेक्स मारून टाकू. मी अजून हो म्हटलेलं नाही.