सिटकाची टेकडी आणि सिवर्डचं लाल नाक

अलास्कात जूनोहून सिटकाला रस्ता नाही. विमान तरी पकडा, नाहीतर फेरीबोट. बोट बरी. ती पेरिल सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या वाटेने जाते. दोन्ही काठांची सूचिपर्णी झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली आणि पाऊस सतत भुरभुरणारा. याच पाण्यात १७९९ मध्ये शिंपले खाऊन शंभरावर अलूत शिकारी मेले. रशियन-अमेरिकन कंपनीचा कारभारी बारानोव त्यांना समुद्री पाणमांजरं मारायला राबवत होता. चीनच्या बाजारात त्या कातड्यांना सोन्याचा भाव होता. अलास्काचा रशियन इतिहास बराचसा या एका कातड्याचा इतिहास आहे.

सिटकाला उतरलं की पावलं आपोआप कॅसल हिलकडे वळतात. टेकडी कसली, टेकाडच. धापही लागत नाही. वर काही तोफा, माहितीच्या पाट्या आणि खाली बेटांनी भरलेला समुद्र. इथे आधी त्लिंगित लोकांची घरं होती. त्यांनी १८०२ मध्ये रशियनांचं जवळचं ठाणं जाळलं. दोन वर्षांनी बारानोव युद्धनौका घेऊन परतला. कात्लियान या त्लिंगित योद्ध्याने झुंज दिली, पण शेवटी त्याच्या लोकांना आपला किल्ला सोडून डोंगरापलीकडे जावं लागलं. टेकडी रशियनांची झाली ती अशी.

पुढे पाणमांजरं संपत आली. त्यातच क्रिमियाच्या युद्धात रशिया हरला आणि खजिना रिता झाला. उद्या ब्रिटिशांशी पुन्हा जुंपली तर शेजारच्या कॅनडातून येऊन ते हा मुलूख फुकटात घेतील. त्यापेक्षा अमेरिकेला विकलेला काय वाईट, असा हिशेब झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या दरबारात झाला. मला तो शहाणपणाचाच वाटतो. जे राखता येत नाही ते विकून चार पैसे करणाऱ्याला मूर्ख कोण म्हणेल?

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड २९ मार्च १८६७ च्या रात्री घरी पत्ते खेळत बसले होते. रशियाचे राजदूत स्टोकल आले आणि म्हणाले, झारची संमती आली, उद्या करार करू. उद्या कशाला, आजच करू, म्हणून सिवर्डनी पत्ते बाजूला सारले. रात्रीच कचेरी उघडली, कारकून जमवले आणि पहाटे चारला सह्या झाल्या. बहात्तर लाख डॉलर, म्हणजे एकरी साधारण दोन सेंट. महाराष्ट्र जवळजवळ पाच वेळा मावेल एवढा प्रदेश!

ताबा याच टेकडीवर १८ ऑक्टोबरला दिला गेला. रशियन निशाण खाली येता येईना. काठीलाच गुंडाळून बसलं. शेवटी एका माणसाला दोराने वर चढवलं. त्याने सोडवलेलं निशाण खाली उभ्या रशियन सैनिकांच्या संगिनींवर पडलं. गव्हर्नर माक्सुतोवच्या बायकोला म्हणे रडू आवरलं नाही. पंचांगही बदललं: सिटकाच्या लोकांनी सहा तारखेच्या शुक्रवारनंतर अठरा तारखेचा शुक्रवार पाहिला. पैसे मात्र अमेरिकी संसदेच्या घोळात अडकले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये चुकते झाले.

पण रशियाने विकलं काय? अख्ख्या अलास्कात रशियन कधी हजारसुद्धा नव्हते. सिटकात ते लाकडी तटबंदीआड राहत आणि तटाबाहेर त्लिंगितांची वस्ती होती. त्लिंगितांचं तेव्हापासून म्हणणं एकच आहे: रशियनांना आम्ही इथे राहू दिलं, मालकी दिली नव्हती, मग त्यांनी विकलं कोणाचं? करारात या लोकांचा उल्लेख ‘असंस्कृत टोळ्या’ असा एका कलमापुरता. या प्रश्नाला कायदेशीर उत्तर मिळायला १९७१ उजाडलं, तेही प्रूडो बे इथे तेल सापडल्यावर. जमिनीची मालकी ठरल्याशिवाय तेलाची वाहिनी टाकता येईना. तेव्हा चार कोटी चाळीस लाख एकर जमीन आणि शहाण्णव कोटी डॉलर मूळ रहिवाशांना द्यायचं ठरलं. न्यायापेक्षा तेलाची घाई मोठी होती, हे उघड आहे.

बोट दक्षिणेला केचिकानला जाते. तिथून जवळच्या सॅक्समन गावात कोरीव खांबांची रांग आहे. त्यातल्या एकाच्या टोकाला सिवर्ड बसले आहेत. १८६९ मध्ये ते या भागात आले, तेव्हा एका त्लिंगित प्रमुखाने त्यांना मेजवानी आणि भेटवस्तू दिल्या होत्या. त्लिंगितांमध्ये असा मान म्हणजे आपल्याकडच्या आहेरासारखा, परत करायचाच. सिवर्डनी केला नाही. म्हणून त्यांची लाज काढणारा खांब उभा राहिला, लाल नाक आणि लाल कानांचा. २०१७ मध्ये, खरेदीला दीडशे वर्षं झाली तेव्हा, जुन्याच्या जागी नवा खांब कोरला गेला. नाक-कान पुन्हा लालच रंगवले. उधारी अजून फिटलेली नाही.